कालव्यावर जायला लागणारे कागद

वडील कामावरून आले की आई त्यांना दारातच थांबवायची. शर्ट बाहेरच काढायचा, झटकायचा नाही, सरळ बादलीत बुडवायचा. झटकला की पांढरी धूळ घरात यायची, आणि घर म्हणजे एक खोली होती. तिच्यातच पिठाचा डबा, तिच्यातच अंथरुणं, तिच्यातच मी आणि माझी पुस्तकं. एवढं करूनही कधीकधी पोळीत कचकच लागायची. आई म्हणायची, "गहू नीट निवडला गेला नाही बहुतेक." गहू नीट निवडलेला असायचा. तिघांनाही ते माहीत होतं.

आम्ही भोपाळला, इंद्रपुरीच्या कडेला भाड्याने राहायचो. मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगारांची मुलं माझ्या वर्गात होती. त्यांना क्वार्टर होतं, दवाखाना होता. माझे वडील त्या कारखान्यात नव्हते. पलीकडच्या शेडमध्ये एक लहान फौंड्री होती, तिथे ते होते. लोखंडाचे ओतीव भाग साच्यातून निघाले की त्यांना चिकटलेली वाळू हवेच्या नळीने उडवायची, राहिलेली घासून काढायची, हे त्यांचं काम. तोंडाला गमछा. मालकाने मास्क दिला नाही आणि वडिलांनी मागितला नाही, कारण मागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसायचं. आजोबा सरकारी कचेरीत शिपाई होते, राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून फायलींच्या पेट्यांबरोबर आले. ते लवकर गेले, सरकारी घर गेलं, आणि वडिलांची शाळा पाचवीत सुटली. आई सातवी पास. ती साड्यांना फॉल लावायची. टँकर आला की सुई जिथे असेल तिथे टोचून ठेवून हंडे घेऊन धावायची.

अशा घरातून मी एम.एस्सी. केलं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. मंडीदीपच्या औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागले, आणि काही वर्षांनी अशोका गार्डनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा वडिलांचा दम एवढा गेला नव्हता. पुढच्या चार वर्षांत गेला. छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसात वाळू बसली आहे, ती काढता येत नाही. मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि वडील त्या दुसऱ्या मजल्यावर अडकले. मोठं घर म्हणून जे मी घेतलं, त्यातून त्यांना खाली उतरता येईना.

दिवसभर ते यंत्राची नळी नाकाला लावून मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. त्यातच त्यांना ते कालवे सापडले. फ्रान्समधला कुणी एक माणूस, बोलायचा नाही, नुसती बोट चालवायचा. बार्ज म्हणजे पूर्वी माल वाहून नेणारी लांब, सपाट तळाची बोट. आता तशाच बोटींत पलंग आणि ओटा बसवून लोक सुट्टीला जातात. लहान बोट असेल तर भाड्याने घेऊन स्वतः चालवता येते, लायसन्स लागत नाही. कालवा चढाला लागला की लॉक येतं. बोट दोन दारांच्या मध्ये उभी करायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. बोट आपोआप वर येते, मग पुढचं दार उघडायचं.

"बघ," वडील मला म्हणाले, "क्रेन नाही, मोटर नाही. पाणीच उचलतंय."

"हो."

"हे कुठे असतं?"

"फ्रान्समध्ये."

"लांब असेल."

"लांब आहे, बाबा."

"बरं," म्हणाले. दोन दिवसांनी मी डबा भरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "हे बारा महिने चालतं की फक्त उन्हाळ्यात?"

माझ्या वडिलांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. पाणीसुद्धा आईला सांगायचे. हे मागणंच आहे, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. विमानात बॅटरीवरचं लहान यंत्र नेता येतं, त्यांनी फॉर्म भरून दिला. वर म्हणाल्या, "ले जाइए. सितंबर, अक्टूबर तक ले जाइए. अगले साल की बात मैं नहीं करूँगी." मला कुणी गोलगोल बोललेलं चालत नाही, तरी हे ऐकून मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले.

मग तयारी सुरू झाली. मी बोटीच्या कंपनीला इंग्रजीत पत्रं लिहायची आणि आलेली उत्तरं मराठीत वाचून दाखवायची. ऑक्सिजनच्या यंत्राला वीज? मुक्कामाच्या धक्क्यावर मिळेल, चालू बोटीत बॅटरीवर चालेल. बोटीत चढायला? फळी टाकतात, दोन पावलं. वडिलांनी माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हिशेब मांडला. एका लॉकला पाव तास, तासाला सहा किलोमीटर, लॉक सकाळी नऊला उघडतं, संध्याकाळी सातला बंद, आणि दुपारी एक तास तिथल्या माणसाची जेवणाची सुट्टी. ह्या सुट्टीचं त्यांना फार वाटलं.

"दार उघडणाऱ्यालासुद्धा सुट्टी?"

"सगळ्यांना."

"आणि बोटी?"

"थांबतात."

"थांबतात," ते आईला म्हणाले, जणू तिनेच कधी त्यांना थांबू दिलं नव्हतं.

आई वैतागलेली असायची. "चार पावलं टाकली की बसावं लागतं, आणि निघाले फ्रान्सला."

"अगं, म्हणूनच. तिथे चालायचं नाहीच. आपण बसून राहायचं, गावं आपणहून येतात."

"आणि भाजी? तीपण आपणहून येते का?"

"सायकल देतात बोटीवर."

"कोण चालवणार सायकल? मी? नऊवारी नेसून?"

"तू कधी नऊवारी नेसलीस गं?"

कामं वाटून झाली होती. वडील सुकाणूच्या चाकावर बसणार, मी दोर घेऊन काठावर उडी मारणार, आई चहा करणार. सप्टेंबरचे सहा दिवस ठरले. आई तोंडाने काही म्हणो, तिने भाजणी दळून आणली आणि तिच्या शालीला नवी किनार लावली.

आता चूक सांगते. ती माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं. आईचंही बदललं होतं. रेशन कार्डावर, बँकेत, फ्लॅटच्या कागदात, सगळीकडे ते तांदळातलं नाव. माहेरचं नाव एकाच ठिकाणी होतं, तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. तो दाखला पेटीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये होता, घडीवर फाटत आलेला. मला त्या कागदाचा अभिमान होता. शिकून वर आलेल्या माणसाला शाळेचा कागद देवासारखा वाटतो. बाकीचे कागद कुणीही कारकून लिहितो, दाखला मास्तरांनी लिहिलेला असतो, तोच खरा, अशी माझी समजूत. पासपोर्ट काढायच्या आधी मी आईचं आधार कार्ड त्या दाखल्याप्रमाणे बदलून घेतलं, आणि मग पासपोर्टही त्याच नावाने काढला.

आईने कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "ही मुलगी कोण?" म्हणाली.

"तूच."

"मी हिला चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

आमच्या गल्लीत एक तिकिटांचं आणि फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं, "मॅडम, मम्मीजी का शादी के बाद वाला नाम ही चलने दो. अंकल के पासपोर्ट में पत्नी का नाम वही लिखा है." मी त्याला म्हटलं, "भैया, मैं पढ़ी-लिखी हूँ, मुझे पता है कौन सा कागज़ असली है." हे वाक्य मला आता पाठ आहे.

व्हिसाचे तीन लिफाफे एका शनिवारी दुपारी आले. माझा मिळाला. वडिलांचा मिळाला. आईचा नाकारला होता. छापील कारणांपैकी एकावर खूण होती: दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदांवरून दिसत होतं ते असं की एक म्हातारा आपल्या बायकोला सोडून दुसऱ्याच एका बाईला बोटीवर घेऊन चालला आहे.

मी हे सांगितलं तेव्हा वडील हसले आणि हसण्याने त्यांना खोकला लागला. तो थांबायला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "राहू दे. ती नाही तर मी नाही."

"अहो, तुम्ही जा," आई म्हणाली. "मी काय करणार आहे तिथे?"

"मी काय करणार आहे, तू नसलीस तर?"

एवढंच. आईने पदर तोंडाला लावला आणि ती ओट्याकडे गेली.

दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. तो आमच्याकडे नव्हता. वर्ध्याजवळच्या गावात मांडव घालून झालेलं लग्न, नोंद कोण करतो? ती आता भोपाळला करायची होती, आणि दोघांनी स्वतः हजर राहायचं होतं. बोटीच्या कंपनीने मेहेरबानी करून आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकललं. त्यानंतर बोटी बंद.

लग्नाचा फोटो लागतो म्हणाले, तो नव्हताच. मग एकत्र फोटो काढा, हार घालून. आईने साफ नकार दिला. साठाव्या वर्षी हार घालून बसायला आपण काय पुतळे आहोत, म्हणाली. स्टुडिओत वडील स्टुलावर बसलेले, पायाशी लहान सिलिंडर. त्यांनीच हार उचलून तिच्यापुढे धरला. "घाल गं. माझा हात वर राहत नाही फार वेळ." तिने घातला. फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, थोड़ा मुस्कुराइए, शादी है." नळी काढायला सांगितली, कारण फोटोत नाक झाकलेलं चालत नाही. फोटोत वडिलांचे ओठ निळसर आले आहेत.

नोंदणीच्या दिवशी पाऊस होता. आमचे दोन मजले उतरवून, तिकडचे दोन मजले चढवून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वडिलांना नेलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तोच दुकानदार. साक्षीदार म्हणून तो आणि त्याची बायको दुकान बंद ठेवून आले होते. मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "हो जाता है मॅडम, सीढ़ी देखिए." त्याने मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

नोंदणी करणाऱ्या बाईसाहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, "दोनों अपनी मर्ज़ी से?"

वडिलांना दम लागला होता. त्यांनी आधी मान हलवली, मग श्वास जमवून म्हणाले, "पूछना था तो चालीस साल पहले पूछते."

सगळी कचेरी हसली. बाईसाहेबही हसल्या. मग त्यांनी आईला विचारलं, नाव कुठलं लिहायचं. मी उत्तर द्यायला पुढे सरसावले, तेव्हा आई म्हणाली, "तू थांब. दोनों लिखिए मॅडम. दोनों मैं ही हूँ."

फॉर्मवर वडिलांनी तिचं माहेरचं नाव बोटाने वाचलं. मोठ्याने वाचलं, बहुतेक पहिल्यांदाच. "चांगलं होतं की गं. मी कशाला बदललं?"

"तुम्ही कुठे बदललंत? तुमच्या आत्याने सांगितलं, तुम्ही लिहिलंत."

"विचारायला पाहिजे होतं."

"आता सही करा," आई म्हणाली.

त्या दिवसानंतर चौथ्या दिवशी त्यांना ताप आला. पावसात भिजल्याने की जिने चढण्या-उतरण्याने की नुसताच आला, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा फुप्फुसाला काहीही पुरतं, हिशेब लावत बसू नका. मी प्रयोगशाळेत काम करते, कारण शोधणं हाच माझा धंदा आहे. मी हिशेब लावला. दाखल्याचं नाव जर मी आधार कार्डावर घातलं नसतं तर सप्टेंबरमध्ये ते त्या चाकापाशी बसलेले असते. हे कुणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही आणि कुणी घेऊ नये.

आईचा व्हिसा दुसऱ्या खेपेला मिळाला तेव्हा वडील दवाखान्यात होते. मी पासपोर्ट उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी अंगठ्याने तो कागद चाचपून पाहिला. "झालं," म्हणाले. मग आईला, "आता तुम्ही दोघी जा."

"गप्प बसा."

"गप्पच बसणार आहे, म्हणून आधी सांगतो."

ऑक्टोबर गेला. आम्ही कुणी बोटीचं नाव काढलं नाही. डिसेंबरच्या थंडीत त्यांना घरी आणलं, जानेवारीत परत नेलं, आणि तिथेच एका सकाळी ते गेले. आई चहा आणायला खाली गेली होती. वर आली तेव्हा मी तिच्या हातातले ग्लास घेतले, तेवढ्यावरून ती समजली. मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर मला पत्नीचं नाव विचारलं. माझ्यामागे रांग होती. मी विवाह नोंदणीचा कागद काढून त्यातलं बघून बघून सांगितलं, लिहिलेलं तीनदा तपासलं. मागचा माणूस म्हणाला, "बहनजी, माँ का नाम भी याद नहीं?"

महिनाभराने आईनेच विचारलं, "त्या बोटीवाल्यांनी आपली जागा ठेवली आहे का?"

मी म्हटलं, ठेवली आहे, मे महिन्यात देतील म्हणतात.

"मग कळव त्यांना."

नागपूरहून वडिलांच्या बहिणीचा फोन आला. वर्ष व्हायच्या आत फिरायला जाणार, तेही परदेशात, लोक काय म्हणतील, वहिनी, शोभतं का हे? आईने फोन कानापासून थोडा लांब धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, लोकांनी माझे कागद दोनदा तपासले. आता लोकांना विचारायचं माझं काही राहिलेलं नाही." वर्ष पाळायचं तिच्याही मनात होतंच. रंगीत साडी नेसायची नाही, बाहेरचं गोड खायचं नाही, हे तिने तिथेही पाळलं.

यावेळी फॉर्म मी एकटीने भरले नाहीत. दुकानात बसून, दुकानदाराला एकेक रकाना वाचून दाखवून भरले. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विधवा या शब्दापुढे खूण करायची होती. ती आईने स्वतः केली. दोन्ही व्हिसे पहिल्याच खेपेला आले.

मे महिन्यात फ्रान्सला पोचून बोट ताब्यात मिळाली तेव्हा एक गोष्ट समोर आली, जी मी ठरवताना विसरले होते. लॉकमध्ये एकाने काठावर उडी मारून दोर धरायचा असतो, तेव्हा चाकावर दुसरं कुणीतरी लागतं. आम्ही दोघीच होतो. कंपनीच्या माणसाने तासभर शिकवलं, मी मराठीत सांगत गेले. पहिल्याच लॉकमध्ये आईने बोट भिंतीवर आपटली. ओट्यावरचा पोह्यांचा डबा पडला. दार उघडणारा माणूस वरून काहीतरी ओरडला, आई खालून मराठीत ओरडली, "ओरडू नका, शिकतेय मी!" नंतर ती अर्धा तास रडली. बोट कडेला बांधून मी तिच्याजवळ बसले. काठावरची बरीच झाडं रोगाने मेल्यामुळे तोडलेली होती, नुसते बुंधे दिसत होते. व्हिडिओत होती तशी सावली तिथे नव्हती. ऊन होतं. मग आई उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "सोड दोर. सातला बंद होतं ना?"

सहा दिवसांत आम्ही एकतीस लॉक पार केली. बोट माझ्या आईने चालवली.